पाण्यात उभं राहून तहानलेलं झाड

मी तुमसर तालुक्यातून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून आपल्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात. नेहमी मी हप्ता, व्याज, पासबुक, ठराव यावर बोलते. आजचा विषय जरा वेगळा आहे. झाडाच्या आत पाणी शिरतं कसं आणि कधीकधी आतलं पाणी बाहेर का निघून जातं, हे आज सांगायचं आहे. विज्ञानाचा विषय आहे म्हणून रेडिओचा कान पिळू नका. मी स्वतः कला शाखेची बी.ए. आहे, त्यामुळे मला समजलं तेवढंच आणि समजलं तसंच सांगणार. शिवाय या विषयात आपल्या गटांचे पैसे अडकलेले आहेत. ते कसं, तेही पुढे येईल.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. काकडीची कोशिंबीर करताना मीठ आपण शेवटी, ताट वाढायच्या वेळी घालतो. आधी घातलं तर गंजात पाणीच पाणी होतं आणि काकडी लिबलिबीत पडते. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही, आईचं बघून आलं. कारल्याला मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवली की सकाळी बरणीत खार सुटलेला असतो. आता याच्या उलट बघा. बाजारातून आणलेला सांबार दुपारपर्यंत मान टाकतो. त्याच्या देठांना पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवलं की तासा-दोन तासांत जुडी पुन्हा ताठ. एकीकडे भाजीतलं पाणी बाहेर आलं, दुसरीकडे बाहेरचं पाणी भाजीत गेलं. दोन्हींचा नियम एकच आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला परासरण म्हणतात. मुलांना विचारा, त्यांनी बेदाणे पाण्यात टाकून फुगवायचा प्रयोग केलेला असेल.

नियम काय, तर पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. दाट म्हणजे ज्यात मीठ, साखर किंवा आणखी काही जास्त विरघळलेलं आहे ती बाजू. पण मध्ये एक पापुद्रा लागतो. हा पापुद्रा पाण्याला जाऊ देतो आणि मिठा-साखरेला सहजासहजी जाऊ देत नाही. झाडाचं पान, मूळ, खोड, सगळं लहान लहान पेशींचं बनलेलं असतं. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. प्रत्येक पेशीच्या भोवती असा पापुद्रा असतो आणि आत थोडा दाट रस असतो. त्यात साखर असते, क्षार असतात.

पाणी दाट बाजूलाच का जातं? मला हे समजायला वेळ लागला, म्हणून लग्नाच्या मांडवाचं उदाहरण सांगते. दोन मांडव आहेत, मध्ये कनात, आणि कनातीला एक छोटं भोक. त्यातून फक्त लेकरं जाऊ शकतात, मोठी माणसं नाही. एका मांडवात नुसती लेकरं खेळताहेत. दुसऱ्यात लेकरं आहेत आणि मोठी माणसंही आहेत. लेकरं दोन्हीकडून इकडे-तिकडे पळतात. पण ज्या मांडवात नुसती लेकरं आहेत, तिकडून भोकाकडे जास्त लेकरं येणार. दुसरीकडे मोठ्यांची गर्दी आडवी येते, कोणी मावशी हात धरून बसवून ठेवते. थोड्या वेळानं मोजलं तर मोठ्यांच्या मांडवात लेकरं वाढलेली दिसतील. लेकरं म्हणजे पाणी, मोठी माणसं म्हणजे मीठ-साखर. पाणी दोन्ही दिशांना जात-येत असतं, पण हिशेब केला तर दाट बाजूला जास्त जमा होतं.

या पापुद्र्यात पाण्यासाठी खास बारीक नळ असतात, हे तर अलीकडे कळलं. ते शोधणाऱ्या अमेरिकेच्या पीटर ॲग्र यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या आज्या त्याच्या कितीतरी आधीपासून कैरीला मीठ लावत होत्या, पण त्यांना कोणी बक्षीस दिलं नाही, असो.

आता पेशी पाणी घेतच राहिली तर फुटत का नाही? झाडाच्या पेशीला पापुद्र्याच्या बाहेर आणखी एक मजबूत भिंत असते. सायकलचा टायर आणि ट्यूब आठवा. पापुद्रा म्हणजे ट्यूब, भिंत म्हणजे टायर. ट्यूबमध्ये हवेऐवजी पाणी भरतं. ट्यूब फुगून टायरला आतून दाबते आणि टायर टणक होतो. मग आणखी पाणी आत यायला जागा उरत नाही. सांबाराची जुडी ताठ होते ती या दाबानं. हा दाब थोडाथोडका नसतो. ताज्या टवटवीत पानाच्या पेशीत तो चारचाकीच्या टायरमधल्या हवेपेक्षा दुप्पट-तिप्पटही असू शकतो. लाकूड असलेलं झाड लाकडाच्या बळावर उभं राहतं, पण धानाचं कोवळं रोप, मेथी, पालक, मिरचीचं लहान रोप, हे सगळे पाण्याच्या दाबावर उभे असतात. दाब गेला की मान पडते.

आपल्या रक्ताच्या पेशीला अशी भिंत नाही. ती साध्या पाण्यात टाकली तर फुगून फुटते. म्हणून दवाखान्यात सलाईन लावतात ते नुसतं पाणी नसतं. त्यात १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे साधारण आपल्या रक्ताइतकंच दाट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तुलनेला कामी येईल.

उलट झालं तर? पेशीच्या बाहेर दाट खारं पाणी आलं तर आतलं पाणी बाहेर जातं. ट्यूब आकसते आणि टायरपासून सुटते. याला पुस्तकात रससंकोच म्हणतात. आता महत्त्वाची गोष्ट ऐका. ट्यूब आकसली म्हणजे लगेच मेली असं नाही. थोड्या वेळात पुन्हा साधं पाणी मिळालं तर ती परत भरते. बराच वेळ तशीच राहिली तर पापुद्रा खराब होतो, आणि मग कितीही पाणी द्या, उपयोग नाही.

खरं-खोटं करायचं असेल तर घरी करून बघा. एक कच्चा बटाटा घ्या, बोटाएवढ्या सारख्या फोडी करा. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळलेलं पाणी. दोन्हींत फोडी टाका आणि दोन तास विसरून जा. नंतर काढा. साध्या पाण्यातली फोड कडक असते, वाकवली तर कट्‌कन मोडते. मिठाच्या पाण्यातली रबरासारखी वाकते. तिसऱ्या पेल्यात उकडलेल्या बटाट्याची फोड साध्या पाण्यात ठेवा. ती काही कडक होत नाही, कारण उकडताना पापुद्रा मोडला. पापुद्रा जिवंत असेल तरच हा खेळ चालतो. म्हणून भिजवलेला तांदूळ फुगतो ते परासरण नव्हे बरं का. कांडलेल्या तांदळात जीव नसतो, तो कोरड्या कापडासारखं पाणी शोषतो. दोन्ही सारखं दिसतं म्हणून सांगितलं.

लोणचं-मुरंब्याचा धंदा करणाऱ्या गटांसाठी थोडं बोलते. आजकाल गिऱ्हाईक म्हणतं, ताई, मीठ कमी टाका. आपण ऐकतो, आणि दोन महिन्यांत बरणीवर बुरशी येते. मीठ लोणच्यात चवीपुरतं नसतं. बुरशी आणि जंतू यांनाही पेशी असते, पापुद्रा असतो. दाट खारात पडले की त्यांच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ते वाढू शकत नाहीत. मुरंब्यात हेच काम साखर करते, म्हणून चांगल्या मुरंब्यात शंभरात सुमारे ६५ भाग साखर असते. मीठ कमी करायचंच असेल तर तो वेगळा माल समजा. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर वाढवा, लहान बरण्या भरा, थंड जागी ठेवा आणि बरणीवर लवकर संपवा असं लिहा. आणि आवळ्याचं म्हणाल, तर टोचलेला आवळा एकदम दाट पाकात टाकू नका. पाणी झटकन बाहेर येतं, साखर मात्र हळूहळू आत जाते. मधल्या वेळात आवळा सुरकुतून खारकेसारखा होतो. आधी पातळ पाक, मग दिवसागणिक दाट. जुन्या बायका असंच करायच्या. घाई झाली आपल्याला.

आता शेतात येऊ. आपला भाग धानाचा. तुमसरच्या बाजारात धान येतं ते या भागातल्या बांध्यांतून, आणि त्या बांध्यांत रोवणीला वाकलेल्या पाठी आपल्या असतात. पऱ्हे टाकल्यावर पंधरा-वीस दिवसांनी सकाळी लवकर वाफ्याजवळ गेलात तर एक गोष्ट दिसते. प्रत्येक पात्याच्या टोकावर एकेक थेंब, मोत्यासारखा. आपण म्हणतो दव पडलं. नीट बघा. दव पडतं तेव्हा सगळं पातं ओलं होतं, धुऱ्यावरचा दगड ओला होतो, कुंपणाची तार ओली होते. हा थेंब फक्त टोकाला असतो. बोटानं पुसून टाका आणि थोडा वेळ थांबा. त्याच टोकाला नवा थेंब फुगताना दिसेल. हे पाणी आभाळातून आलेलं नाही, रोपाच्या आतून आलेलं आहे.

कसं? मुळाच्या पेशी मातीतले क्षार वेचून आत घेतात, त्याला त्यांची ताकद खर्च होते. आतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट झाला की पाणी मागोमाग आत येतं. दिवसा पानांतून वाफ होऊन पाणी उडतं, त्या ओढीनंही पाणी वर चढतं, आणि मोठ्या झाडात तर मुख्य काम तीच ओढ करते. रात्री पानांची बारीक तोंडं मिटतात, वाफ थांबते, पण मुळं आपलं काम करत राहतात. पाण्याचा दाब खालून वाढतो आणि पात्याच्या टोकाच्या भोकांतून थेंब बाहेर येतो. तर सकाळचा तो थेंब म्हणजे मुळं पाणी ओढताहेत याची खूण. मला तरी आता वाफ्याजवळ गेल्यावर आधी टोकाकडे बघायची सवय लागली आहे.

रोवणीनंतर रोपं चार-आठ दिवस पिवळी, मलूल दिसतात, ते का, हेही यातूनच कळतं. पाणी आत घेण्याचं काम मुळांची कोवळी टोकं करतात. पऱ्हे उपटताना ती तुटतात. वर पानं तेवढीच, खाली पाणी ओढणारी तोंडं कमी. नवी मुळं फुटेपर्यंत रोप तंगीत असतं. म्हणून वाफ्यात आदल्या दिवशी पाणी सोडून माती मऊ करायची, रोप हिसका देऊन ओढायचं नाही, आणि उपटलेल्या पेंढ्या उन्हात धुऱ्यावर टाकायच्या नाहीत, बुडं पाण्यात ठेवायची. गुत्त्यानं रोवणी घेतली की हात भराभर चालतो हे मला माहीत आहे. एकरामागे पैसे मिळतात तिथे हळुवारपणा परवडत नाही. पण स्वतःच्या बांधीत तरी करून बघा.

आता ती पैशांची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका गटातल्या ताईंनी धान निघाल्यावर अर्ध्या एकरात मिरची लावली. जमीन ठेक्याची. गटातून पंधरा हजारांचं कर्ज घेतलं. रोपं लागली, महिनाभर चांगली होती. कोणीतरी सांगितलं की बुडाशी मूठ-मूठ खत टाका, मिरची जोमानं येईल. ताईंनी युरिया आणि पोटॅश मिसळून प्रत्येक रोपाच्या खोडाला लागून मूठभर टाकलं, वरून हलकं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी रोपांनी माना टाकल्या. संध्याकाळी उठतील असं वाटलं, उठली नाहीत. पानांच्या कडा वाळायला लागल्या. माती हातात घेतली तर ओली. ओल्या मातीत रोप वाळतंय म्हणजे मर रोग, असं शेजाऱ्यांनी ठरवलं. दुकानातून दोन बाटल्या औषध आलं, सातशे-आठशे रुपये गेले. फवारलं, आळवणी केली. काही फरक नाही.

गटाच्या बैठकीत त्यांचा हप्ता थकला तेव्हा काय काय बोलणं झालं ते सांगत नाही. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं ठेक्याची जमीनच वाईट. एकीनं तर हिला पुन्हा कर्ज देऊ नका असंही म्हटलं. मला ते आवडलं नाही, तेव्हाही आणि आताही. त्यानंतर गावात आलेल्या कृषी सहायकाला ताईंनी शेतात नेलं. त्यांनी एका रोपाच्या बुडाशी बोटानं उकरलं. पांढरे, तांबूस दाणे अजून तसेच मातीत होते. ते म्हणाले, रोग नाही, रोप तहानलेलं आहे.

ओल्या मातीत तहानलेलं! पण बटाट्याची फोड आठवा, ती तर पाण्यात बुडालेली होती आणि तरी आकसली. झाडाला पाणी किती आहे यानं भागत नाही, ते किती पातळ आहे हेही लागतं. पोटॅश हे एक प्रकारचं मीठच आहे. युरिया मीठ नाही, पण पाण्यात मिठासारखाच सहज विरघळतो. शिवाय मातीत त्याचा अमोनिया होतो, आणि एका जागी ढीग असेल तर तोही कोवळ्या मुळांना जाळतो. मुळांभोवतीचं पाणी पेशीतल्या रसापेक्षा दाट झालं की पाण्याची दिशा उलटते. मूळ प्यायचं थांबतं, उलट त्याच्यातलंच पाणी मातीत जातं. पानांतून वाफ होणं काही थांबत नाही. मग मान पडते.

आपण थोडा हिशेब करू, हिशेबाला आपण घाबरत नाही. धानाच्या बांधीत दोन इंच पाणी आहे असं धरा. एका एकरात ते सुमारे दोन लाख लिटर होतं. त्यात युरियाची ४५ किलोची अख्खी गोणी टाकली तरी लिटरमागे पाव ग्रॅमसुद्धा येत नाही. आता मिरचीच्या बुडाशी मूठभर, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम खत. हलकं पाणी दिलेल्या त्या ओल्या मातीत दोनेक लिटर पाणी धरलं, तर लिटरला वीस-पंचवीस ग्रॅम झालं. धानाच्या शंभर पट. सलाईनमध्ये लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतं हे मघाशी सांगितलं होतं. धानाला गोण्यांनी खत टाकून काही होत नाही, मग मिरचीला मुठीनं काय होणार, असं आपल्याला वाटतं ते यामुळे. हात धानाचा असतो आणि पीक मिरचीचं.

त्या ताईंनी पुढे काय केलं? बुडाशी उकरून दिसतील तेवढे दाणे काढून टाकले. मग दोन वेळा भरपूर पाणी सोडलं, पण साचू दिलं नाही, चर काढून वाहून जाऊ दिलं. दाट पाणी पातळ करायचं आणि खाली-बाहेर धुऊन काढायचं, एवढाच उपाय होता. जी रोपं नुसती मलूल होती त्यातली बरीच उठली. ज्यांची पानं वाळून कुरकुरीत झाली होती ती गेली. साधारण अर्धी मिरची हाती लागली. कर्जाची मुदत गटानं सहा महिने वाढवून दिली. तो ठराव मीच लिहिला, आणि त्यात कारण म्हणून 'नजर' लिहिलं नाही.

तेव्हा वाडीत, परसबागेत, मिरची-वांगे-टमाटरला खत टाकताना खोडापासून वीतभर लांब, गोल चर काढून टाका. एका वेळी थोडं, चिमटीच्या मापानं, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. कोरड्या मातीत टाकू नका. आधी ओल हवी आणि टाकल्यावर पुरेसं पाणी हवं. कोंबडीखत ताजं असेल तर त्यालाही हेच लागू, ते नीट कुजवून मगच वापरा. आणि मान टाकलेलं रोप दिसलं की दुकानात पळण्याआधी बुडाशी बोट घालून बघा. बोट फुकटचं आहे.

फवारणीचं थोडक्यात. युरियाचा दोन टक्के फवारा सांगतात, म्हणजे दहा लिटर पाण्याला २०० ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. अंदाजानं ओंजळ टाकू नका, मोजून टाका. भर उन्हात मारला तर पानावरचं पाणी उडून जातं आणि खत मागे राहतं. दोन टक्क्यांचं द्रावण पानावरच दाट होत जातं, आणि पानाच्या कडा भाजल्यासारख्या होतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर मारा.

आपल्याकडे हा त्रास हातानं ओढवलेला असतो. काही ठिकाणी तो जमिनीतच आहे. आपल्याच विदर्भात पश्चिमेकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी खारट. विहीर भरलेली असते आणि शेतकरी पावसाची वाट बघत असतो, कारण ते पाणी दिलं तर पिकाचं आणि जमिनीचं दोन्हींचं नुकसान. मामा तलावांच्या आणि बोड्यांच्या काठी राहणाऱ्या आपल्याला हे पटकन समजत नाही. कोकणात रायगडकडे समुद्राचं पाणी शेतात शिरतं, आणि धान तर खारट पाण्याला फार हळवं पीक. तिथे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा खार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या. खार सोसणारी झाडं बहुधा दोन गोष्टी करतात. मीठ मुळातच कमी आत घेतात, किंवा आपल्या पेशीतला रसच जास्त दाट ठेवतात, म्हणजे पाणी आत येत राहतं. समुद्रकाठच्या तिवराच्या पानांवर तर बाहेर टाकलेल्या मिठाचे कण दिसतात.

शेवटी, मृग तोंडावर आहे, म्हणून बियाण्याचं सांगते. धानाच्या बियाण्याला तीन टक्के मिठाच्या पाण्याची प्रक्रिया आपल्याला माहीत आहे, तरी बऱ्याच जणी अर्धीच करतात. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. थोडं थोडं बियाणं टाकून हातानं ढवळा आणि पाणी स्थिर होऊ द्या. पोचट, रोगट, हलकं धान वर तरंगेल, ते काढून टाका. भरीव बी तळाशी बसेल. इथपर्यंत परासरणाचा संबंध नाही, हा नुसता वजनाचा खेळ. मीठ घातल्यानं पाणी जड होतं आणि साध्या पाण्यात बुडालं असतं ते अर्धवट भरलेलं धानही वर येतं.

पण आता पुढे. हे पाणी समुद्राच्या पाण्याच्या जवळपास खारट आहे. समुद्रात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, आपल्या बादलीत ३०. कोरडं बी इतकं तहानलेलं असतं की खारं पाणीसुद्धा ओढून घेतं, आणि मीठ त्याला आतून-बाहेरून चिकटून राहतं. मग उगवायच्या वेळी कोवळ्या मोडाला त्या मिठाशी झगडून पाणी मिळवावं लागतं. म्हणून बी त्यात भिजत ठेवायचं नाही. तरंगलेलं काढलं की लगेच तळाचं उपसायचं आणि स्वच्छ पाण्यानं दोन-तीन वेळा धुवायचं. शेवटच्या धुण्याचं पाणी जिभेला लावून बघा, खारट लागता कामा नये. हे बुरशीनाशक लावायच्या आधीच बघायचं, नंतर नाही. मग सावलीत वाळवा. औषध लावायचं असेल तर कृषी सहायकाला किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून मात्रा घ्या.

वापरलेलं मिठाचं पाणी वाडीत झाडांच्या बुडाशी ओतू नका, तुळशीत तर नकोच. आणि तरंगलेलं धान कोंबड्यांना घालणार असाल तर औषध लावण्याआधीचंच घाला, आणि तेही धुऊन घाला.